बाकावरचा कान

तीन नावं होती आणि जागा दोन. सोनलने तिसऱ्या नावापुढे बारीक फुली मारून ठेवली होती. फुली पेन्सिलीची होती, पण मनातली पक्की होती.

नावं होती ‘ठाणे गरुड’ या व्यावसायिक कबड्डी संघाच्या राखीव बचावपटूंची. हंगाम संपून महिना झाला होता. एप्रिलच्या काहिलीत मॅट सुनं पडलेलं असतं, पण संघाच्या कचेरीत हीच खरी धावपळ. कोणाला ठेवायचं, कोणाला सोडायचं, लिलावात कोणावर डोळा ठेवायचा. मोठ्या नावांचं आधीच ठरलं होतं. दोन वर्षं गाजलेला, पण आता गुडघ्याने कुरकुरणारा मुख्य चढाईपटू जाणार होता. साताऱ्याकडचा एक उंचापुरा मध्यरक्षक येणार होता. वर्तमानपत्रांत त्याचीच चर्चा होती. राखीव खेळाडूंबद्दल कोणी एक ओळ लिहिली नव्हती. ते काम सोनलकडे होतं आणि यादी आज संध्याकाळी सहाच्या आत जायची होती.

सोनल सव्वीस वर्षांची, डोंबिवलीची, संख्याशास्त्र शिकलेली. खेळाडू तिला ‘आकडेवाली मॅडम’ म्हणत. तिचं हे संघातलं पहिलंच वर्ष, आणि तिच्या हातून जाणारी ही पहिलीच यादी. तिचं म्हणणं असं, की पहिले सात गडी तर सगळ्यांचेच चांगले असतात. संघ किती पाण्यात आहे ते आठवा, नववा आणि दहावा गडी सांगतो. म्हणून तिने बावीसच्या बावीस सामने पुन्हा पाहिले होते. एकेक पकड थांबवून, मागे नेऊन, पुन्हा लावून. आवाज बंद करून, कारण समालोचकांच्या आरडाओरड्यात मोजणी चुकायची.

विकी, आंबिवलीचा. चौदा वेळा पकडीला गेला, नऊ वेळा गडी बाद. उजव्या कोपऱ्यातही चालतो, मध्येही चालतो. जयेश, तेवीस वर्षांचा. अकरा प्रयत्न, पाच पकडी. फक्त डावा कोपरा, पण वय हाताशी. आणि तिसरा सहदेव. कोलशेतचा. वय एकतीस. दहाव्या सामन्याच्या वेळी एका राखीव गड्याचा खांदा निखळला, तेव्हा त्याच्या जागी आलेला. तीन सामन्यांत मिळून बावीस मिनिटं मॅटवर. दोन प्रयत्न. पकडी शून्य. बाकीचा सगळा हंगाम बाकावर.

शून्यापुढे फुली मारायला कितीसा विचार लागतो?

सकाळी साडेसातला प्रशिक्षकांचा फोन आला. त्यांचं नावच दाजी. कल्याणच्या एका शाळेत त्यांनी बत्तीस वर्षं मुलांना खेळ शिकवला होता. त्यांचे सख्खे मेहुणेसुद्धा त्यांना दाजीच म्हणत, आणि ते नावाने म्हणतात की नात्याने, हे दाजींनाही कधी कळलं नव्हतं.

“सोनल, यादी पाठवलीस?”

“नाही दाजी. दुपारी पाठवते. झालीच आहे.”

“झालीच आहे म्हणतेस? मग एक काम कर. आंबिवलीच्या हॉलवर ये. गावात असलेली पोरं येणार आहेत सरावाला.”

“दाजी, सुट्टीतला सराव बघून काय कळणार? माझ्याकडे अख्ख्या हंगामाचे आकडे आहेत.”

“असू देत. आकडे कुठे पळून जातात? आणि हे बघ, लॅपटॉप आणू नकोस.”

“म्हणजे?”

“म्हणजे हात रिकामे ठेवून ये.”

दाजींना नाही म्हणणं कोणालाच जमत नसे. ते कधी आवाज चढवत नसत, आणि त्यामुळेच पंचाईत व्हायची.

हॉल म्हणजे एका जुन्या कारखान्याची शेड. पत्रे तापायला लागले होते. आत निळं मॅट अंथरलं होतं आणि एक माणूस ओणवा होऊन मॅटच्या दोन तुकड्यांमधली फट चिकटपट्टीने बंद करत होता. पाठमोराच होता, पण सोनल दारात येताच मान न वळवता म्हणाला, “या मॅडम. आज डावी चप्पल तुटली का?”

सोनलने खाली पाहिलं. डाव्या चपलेचा पट्टा खरंच निघाला होता. ती पाय ओढतच आत आली होती.

“सहदेवदादा, तुम्ही होय.”

सहदेव उठला. मध्यम उंचीचा, सावळा, कानाच्या पाळ्या पकडपटूंच्या असतात तशा सुजून जाड झालेल्या. बाकावर बसलेला माणूस जितका लक्षात राहतो तितकाच तो सोनलच्या लक्षात होता.

“यादी आज जायची ना मॅडम?”

“हो. म्हणजे... अजून तसं काही ठरलेलं नाही.”

“बरं,” सहदेव म्हणाला, हसला आणि पुन्हा ओणवा झाला. त्या हसण्यात राग नव्हता. सोनलला मात्र उगाचच चोरी पकडल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात दाजी आले. मागून मधु आला, संघाचा डावा कोपरा. पायात चपळ, तोंडाने त्याहून चपळ. या हंगामात त्याचं नाव झालं होतं. विकी आणि गावातली आणखी चार पोरं होतीच.

“आकडेवाली मॅडम!” मधु ओरडला. “आज आमची हजेरी घ्यायला? लिहा, मधु हजर, झोप गैरहजर.”

“गप रे मध्या,” दाजी म्हणाले. “सोनल, ती खुर्ची घे. भिंतीकडे तोंड कर आणि बस.”

“भिंतीकडे?”

“हो. मॅटकडे पाठ.”

पोरं खिदळली. विकी म्हणाला, “मॅडमला शिक्षा झाली!” सोनललाही हसू आलं, पण दाजी हसत नव्हते. ती भिंतीकडे तोंड करून बसली. समोर उडालेला चुना, एक जुना खिळा आणि खिळ्याला लटकलेली शिट्टी.

“आता ऐक,” मागून दाजींचा आवाज आला. वर्गातल्या सगळ्यात मागच्या बाकावरच्या मुलाला समजावून सांगावं तसा. “कबड्डीचा पहिला नियम काय?”

“चढाई करणाऱ्याने एका दमात ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत राहायचं.”

“मनातल्या मनात?”

“नाही. मोठ्याने. पंचाला स्पष्ट ऐकू येईल असं.”

“बस. एवढंच डोक्यात ठेव. चढाईला आलेला गडी धाडकन अंगावर येणार आहे असं ज्या क्षणी वाटेल, त्या क्षणी हात वर कर.”

“न बघता?”

“न बघता.”

मागे मॅटवर पावलं वाजली. सहा जणांनी हात धरून साखळी केली असणार. मग एक आवाज सुरू झाला.

कबड्डी, कबड्डी, कबड्डी, कबड्डी.

आवाज सहदेवचा होता, हे तिला पहिल्या दोन शब्दांत कळलं आणि तिसऱ्या शब्दाला तो त्याचा राहिला नाही. बारीक, नाकातला, घाईघाईचा झाला. पावलंही बदलली. हलकी, टाचा न टेकणारी. सोनल कान देऊन बसली. धप्प! मागे गडी पडल्याचा आवाज आला आणि तिचा हात मांडीवरच राहिला.

“चुकली,” दाजी म्हणाले. “पुन्हा.”

दुसऱ्यांदा तिने हात फार लवकर वर केला. तिसऱ्यांदा उशिरा. चौथ्यांदा तिने डोळे मिटले. समोरचा खिळा गेला, शिट्टी गेली. नुसता शब्द उरला.

कबड्डी, कबड्डी, कबड्डी, कबड्डी, कड्डी...

तिचा हात आपोआप वर गेला. हात वर गेला आणि त्याच क्षणी मागे धप्प! मधुने घोटा धरला होता.

सोनल गर्रकन वळली. सहदेव मॅटवर पालथा, मधु त्याच्या पायाला चिकटलेला, आणि दोघेही तिच्याकडे बघून हसत होते.

“ब गेला,” सोनल म्हणाली. तिच्या अंगावर काटा आला होता. “दाजी, ब गेला! ‘कबड्डी’तला ब त्याने गिळला.”

“त्याने नाही,” दाजी म्हणाले. “हा कोण होता ते सांग तिला, सहदेव.”

सहदेव उठून गुडघे झटकत म्हणाला, “ते नागपूरवाले नाय का, त्यांचा सात नंबर. आत घुसायच्या आधी छातीत हवा धरतो तो. हवा धरली का ब निघत नाय. ब बोलायला ओठ मिटावे लागतात ना मॅडम. तो घाईत ओठ मिटत नाय.”

सोनलने सात नंबरच्या सगळ्या चढाया मोजल्या होत्या. एकशे सहासष्ट. तो कुठून आत शिरतो, कितव्या सेकंदाला शिरतो, कोणत्या पायाने, सगळं तिच्याकडे होतं. तो बोलताना कसा बोलतो हे मात्र तिने एकदाही ऐकलं नव्हतं. कसं ऐकणार? आवाज तिनेच बंद केला होता. ज्या खेळात माणसाला तोंडाने बोलत राहावंच लागतं, नाही बोलला तर बाद होतो, तो खेळ ती वर्षभर मुका करून पाहत होती.

“अजून आहेत?” तिने विचारलं. आवाज तिचा तिलाच लहान वाटला.

“हाय ना,” सहदेव म्हणाला.

आणि मग त्या पत्र्याच्या शेडमध्ये सोनलने जे पाहिलं आणि ऐकलं, ते ती पुढे कितीतरी लोकांना सांगणार होती आणि दर वेळी सांगताना कमीच पडणार होती. एकाच माणसाच्या अंगात एकामागून एक माणसं येत गेली. डावखुरा चार नंबर आला. तो डावा खांदा पाडून चालायचा आणि बोनसच्या रेषेकडे पाय टाकायच्या आधी शेवटची ‘डी’ लांबवायचा, कबड्डीऽऽ. लंबू एकवीस नंबर आला. त्याचं तंत्र उलटंच. तो ओरडायला लागला की नुसती हूल, आवाज खाली उतरला की खरी धडक. एक जण असा होता, की परतायचं मनात आलं की त्याच्या कबड्डीला लय यायची, जणू घरी निघालेला माणूस गुणगुणतोय. सहदेवचे ओठ, मान, कमरेतला बाक, दम भरायची रीत, सगळं दर वेळी नवं. आणि समोर मधु आणि विकी डोळे बारीक करून, कान टवकारून उभे. काही वेळा तर मधु डोळे मिटूनच घ्यायचा आणि तरी पाय बरोबर धरायचा.

“नऊ गडी झाले,” दाजी म्हणाले. “सगळ्या लीगमधले नावाजलेले. हा दहावा बघ.”

दहाव्याची चढाई संपली, कोणी कोणाला पकडलं नाही. सहदेव कंबरेवर हात ठेवून धापा टाकत उभा राहिला.

“ह्यो एक अजून सापडला नाय मना. दोन मॅच ऐकला. कायच बदलत नाय त्याचं. पुढच्या वर्षी बरोबर धरतो त्याला.” मग तो एकदम थांबला. चिकटपट्टीचं रीळ उचलून हातात फिरवत म्हणाला, “असलो तर.”

मधु खाली बघत पायाने मॅटची कड दाबत राहिला.

सोनल खुर्ची ओढून मॅटच्या कडेला आली. “सहदेवदादा, हे तुम्हाला सापडलं कसं?”

“बाकावर दुसरं काम काय मॅडम? मॅटवरच्या सात जणांना पळायचं असतं, धरायचं असतं. दाजींना डोकं लावायचं असतं. मी आपला बाकाच्या टोकाला, अगदी रेषेजवळ. गडी येतो तो माझ्या समोरूनच जातो. ऐकत बसायचं. मग सरावाला तसंच बोलत मधुवर चढाई करायची. बाबांच्या होडीवर तेच तर केलं लहानपणी. खाडीत धुकं असलं का समोरून कोणाची होडी येते ते इंजिनावरनं ओळखायचं. चुकलास तर टक्कर.” तो जरा थांबला. “आणि खरं सांगू का? तुमचं पण ऐकलंय मी.”

“माझं?”

“तुमी खोटं बोलायच्या आधी ‘म्हणजे’ बोलता.”

मधु खो खो हसला. सोनलचे कान गरम झाले. सकाळी दारात आपण काय म्हणालो ते तिला शब्दन्‌शब्द आठवलं. म्हणजे हा माणूस सकाळपासून जाणून होता. फुली पडलीय हे जाणून तो मॅटच्या फटी बुजवत होता, दुसऱ्यांचे पाय अडकू नयेत म्हणून.

दाजी तिला बाहेर पारावर घेऊन गेले.

“आधी का नाही सांगितलंत दाजी?”

“सांगितलं असतं तर तू ‘हो दाजी’ म्हणाली असतीस आणि मनातून म्हातारा भावनेत वाहवलाय म्हणाली असतीस. मुलांना खेळ मी सांगून कधी कळलेला पाहिला नाही. चूक स्वतःची स्वतःला सापडावी लागते.” त्यांनी घाम पुसला. “आणि दुसरं असं, की मी सांगून ती आपली व्यवस्थापक प्राप्ती ऐकणार नाही. तिला आकडा लागतो. आकडा तुझ्याकडे आहे. तू तो बघितला नाहीस एवढंच.”

सोनल ठाण्याच्या कचेरीत पोचली तेव्हा साडेअकरा वाजले होते. तिने कोपऱ्यातली खोली घेतली, कानाला हेडफोन लावले आणि वर्षात पहिल्यांदा आवाज सुरू केला.

आधी नुसता गदारोळ. ढोल, शिट्ट्या, समालोचक. मग हळूहळू, गर्दीतून ओळखीची हाक ऐकू यावी तसा, त्या सगळ्याच्या तळाशी एक बारीक धागा ऐकू यायला लागला. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. पंचाच्या कॉलरवरच्या माइकने तो पकडला होता. हंगामभर तिथेच होता. सात नंबर आला आणि ब गेला. चार नंबर आला आणि ‘डी’ लांबली. सोनल एकटीच खोलीत होती, तरी तिने तोंडावर हात धरला.

मग ती मोजायला बसली. मधुच्या पकडी. सहदेव संघात यायच्या आधीच्या नऊ सामन्यांत मधु एकेचाळीस वेळा पकडीला गेला होता आणि चौदा वेळा यशस्वी झाला होता. तीनातली एक. सहदेव आल्यानंतरच्या तेरा सामन्यांत सहासष्ट वेळा गेला आणि अडतीस वेळा यशस्वी. निम्म्याहून जास्त. हे आकडे तिच्याकडे आधीच होते, आणि त्यापुढे तिने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, ‘मधुची झपाट्याने प्रगती’. आता तिने एकेक पकड आवाजासकट ऐकली. अडतीसपैकी एकोणतीस वेळा मधु गड्याचा पाय हलायच्या आधी झेपावला होता, आणि शब्द बदलल्यानंतर. आधीच्या चौदांमध्ये असं फक्त तीनदा झालं होतं.

एका ठिकाणी तिने चित्र थांबवलं. मधु हवेत होता. त्याच्या मागे, चौकटीच्या कडेला, बाक दिसत होता. बाकाच्या टोकाला एक माणूस डोळे मिटून बसला होता. महिन्यापूर्वी हे चित्र पाहून तिने शेरा लिहिला होता, ‘राखीव खेळाडूचं सामन्यात लक्ष नाही’.

सव्वाचारला ती व्यवस्थापक प्राप्तीच्या टेबलासमोर उभी होती. प्राप्ती पस्तिशीची, टापटीप, वेळेची पक्की.

“अगं, यादी दे आणि मोकळी हो,” प्राप्ती म्हणाली. “विकी, जयेश. हेच ना?”

“विकी आणि सहदेव.”

प्राप्तीने चष्मा काढला. “शून्यवाला सहदेव?”

सोनलने तिला हेडफोन दिले. तीन पकडी ऐकवल्या, मग आकडे दाखवले. प्राप्ती आकडे दोनदा वाचते हे तिला ठाऊक होतं. आज तिने तीनदा वाचले.

“हे भारी आहे गं,” ती शेवटी म्हणाली. “खरंच भारी आहे. पण मग त्याला दाजींचा मदतनीस कर ना. खेळाडूची जागा कशाला अडवायची? जयेश तेवीसचा आहे.”

हा प्रश्न येणार हे सोनलने जिना चढतानाच ताडलं होतं. “मदतनीस फळीच्या मागे बसतात, ढोलवाल्यांच्या शेजारी. तिथून काही ऐकू येत नाही. रेषेजवळच्या बाकावर फक्त खेळाडू बसू शकतो. आणि आपल्याकडे नऊ गड्यांचे आवाज जमा आहेत ते या हंगामाचे. आता लिलाव होईल, अर्धे इकडचे तिकडे जातील, नवी पोरं येतील. त्यांना कोण ऐकणार?”

“आणि मधुचा पाय मुरगळला तर? डाव्या कोपऱ्यात कोण? जयेश नाही, म्हणजे सहदेव. शून्य पकडी.”

“विकी डावीकडे सरकेल. आज सकाळी दाजींनी त्याला तिथे उभा करून बघितलंय. सातातल्या पाच पकडी घेतल्या त्याने. त्यालाही ऐकायला यायला लागलंय.” सोनलने दम घेतला. “प्राप्तीताई, जयेश चांगला आहे. त्याला दुसरा संघ चार दिवसांत उचलेल. सहदेवदादाला कोणी उचलणार नाही. त्याच्यापुढे लिहायला कोणाकडे रकानाच नाही. माझ्याकडेही नव्हता.”

प्राप्तीने पडद्यावरचं ते थांबवलेलं चित्र मोठं करून पाहिलं. डोळे मिटलेला माणूस.

“मला वाटायचं हा झोपतो,” ती म्हणाली.

“मी तर लिहूनही ठेवलं होतं.”

पाच वाजून चाळीस मिनिटांनी यादी गेली. जयेशला फोन दाजींनी केला. तो अर्धा तास चालला. दाजी काय बोलले ते त्यांनी कधी सांगितलं नाही, पण जयेशने शेवटी सहदेवला सांगा म्हणून निरोप ठेवला, की माझा आवाज ऐकून ठेव, पुढच्या वर्षी समोरून चढाईलाच येणार आहे.

सहदेवला मात्र फोनवर सांगायचं सोनलच्या मनाला येईना. कोलशेत काही लांब नव्हतं. तिने रिक्षा केली. पण खाडीकडे जाणाऱ्या अरुंद वाटेवर टेम्पो आडवा लागला होता, म्हणून रिक्षा वरच सोडून ती तुटक्या चपलेने धावत धक्क्यापर्यंत आली.

ऊन कलतं झालं होतं. ओहोटीने चिखल उघडा पडला होता आणि त्यावर बगळे उभे होते. धक्क्यावर सहदेव जाळं मांडीवर घेऊन बसला होता, पाण्याकडे तोंड करून. शेजारी त्याची आई आवडाबाई टोपली पालथी घालून त्यावर बसलेली, नाकात नथ, तोंडात पान.

“आई, बाबा आले,” सहदेव म्हणाला.

सोनलने पाण्यावर नजर टाकली. कुठे काही नव्हतं. नुसती कांदळवनं, आणि त्यांच्या पलीकडे खाडीचं वळण. तिने डोळे मिटले. बगळ्यांचा, वाऱ्याचा, कुठल्याशा कारखान्याच्या भोंग्याचा आवाज. आणि मग, फार लांबून, टक, टक, टकटक, टक. चौथा ठोका दर वेळी जरा दमलेला. ती होडी वळणावरून दिसायला आणखी दोन मिनिटं लागली.

त्या दोन मिनिटांत ती जागची हलली नाही. हा माणूस किती वर्षं असं जगत आला असेल? आपल्याला रिकामं दिसणारं पाणी याच्यासाठी किती भरलेलं असेल?

“सोनल मॅडम,” सहदेव पाठमोराच म्हणाला. “डावी चप्पल अजून तशीच.”

“सहदेवदादा,” ती धापा टाकत म्हणाली. धावल्याने दम लागला होता. “सहदेवदादा, यादी गेली. म्हणजे...”

सहदेवचे हात जाळ्यावर थांबले. त्याने मान खाली घातली.

“गेलो ना?” तो शांतपणे म्हणाला. “ऱ्हाव दे मॅडम. तुमी एवढ्या लांब सांगायला आलात. कोण येतो? मना सकाळीच कळलेलं.”

“अहो नाही! राहिलात तुम्ही! विकी आणि तुम्ही!”

तो वळला. पहिल्यांदाच तिने त्याच्या चेहऱ्यावर गोंधळ पाहिला.

“पण तुमी ‘म्हणजे’ बोललात. आणि दम पण कसा... तुटका.”

“रिक्षा वर सोडून धावत आलेय मी!”

मग आवडाबाईच आधी हसली. पानाने लाल झालेलं तोंड पदराने झाकून, टोपलीवर डुलत हसली.

“मोठा आला कानवाला!” ती म्हणाली. “पोरगी पलत आली आन ह्याला वाटला रडत आली. जा, पानी आन तिच्यासाठी!”

सहदेवही हसला. हसता हसता त्याने मनगटाने डोळे पुसले, जाळं बाजूला ठेवलं आणि उठला. घराकडे दोन पावलं गेला, आणि थांबला.

“मॅडम, पुन्हा एकदा बोला बरं.”

“काय बोलू?”

“तेच. ‘यादी गेली, म्हणजे’. दम गेलाय तोवर बोला.” तो मान तिरकी करून, डोळे मिटून उभा राहिला. “धावून आलेला ‘म्हणजे’ वेगळा दिसतोय. ध्यानात ठेवतो.”